चौघं निघालात, चौघं पोहोचा

बाळा, तुझा आणि तुझ्या तीन दोस्तांचा बेत तुझ्या आईकडून कळला, फार बरं वाटलं. आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर पुण्यापर्यंत, मधे एक दिवस पुण्यात मुक्काम, मग दिवे घाट चढून सासवड. आणि त्या निमित्तानं मुलांच्या शाळेसाठी पैसे उभे करायचे. दोन्ही टप्पे मिळून साठ किलोमीटरच्या आसपास भरतात. चौघंही चाकणच्या कंपनीतले, दोघं दिवसभर मशीनपुढे उभे, दोघं कॉम्प्युटरपुढे बसलेले, जाताना कंपनीची बस आणि येताना कंपनीची बस. कोपऱ्यावरून दूध आणायलासुद्धा तू गाडी काढतोस हेही कळलं. असू दे. आयटी दिंडीत दरवर्षी जी पोरं-पोरी चालतात, त्यातली कितीतरी खुर्चीवरूनच उठून येतात आणि नीट पोहोचतात. मी या वाटेनं अनेक वर्षं चालते आहे. ज्यांना मधेच रिक्षात बसवावं लागलं, त्यातल्या बहुतेकांना ताकद कमी पडली नव्हती, एखाद्या बारीकशा गोष्टीनं दगा दिला होता. म्हणून मी त्या बारीकच गोष्टी सांगते. हाताशी तीन महिने हवेत.

१. चालायला लागण्याआधी चौघंही डॉक्टरांकडे जाऊन या, रक्तदाब आणि साखर बघून घ्या – तक्रार नाही म्हणजे दुखणं नाही असं नसतं. घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल किंवा जिना चढताना छातीत जड वाटत असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

२. पहिला आठवडा चारच दिवस, दर वेळी अर्धा तास, त्याच्या वर एक मिनिट नाही – उत्साह पहिल्या दिवशी असतो, नडगी तिसऱ्या दिवशी दुखते.

३. दुसऱ्या आठवड्यापासून सुट्टीच्या दिवशी, मग ती गुरुवारची असो की रविवारची, एक लांब चाल ठेवा. पाच किलोमीटरपासून सुरू करा आणि दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटर वाढवा – दम महिन्याभरात वाढतो, पण सांधे आणि कंडरा मागून सावकाश येतात, त्यांच्यासाठी थांबावं लागतं.

४. दर चौथ्या आठवड्याला चाल वाढवू नका, उलट कमी करा – शरीराची डागडुजी विश्रांतीतच होते. १९३० साली गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले तेव्हा साठ वर्षांचे होते, दिवसाला सरासरी १६ किलोमीटर चालत होते, आणि तरी दर सोमवारी थांबत होते.

५. सरावात वीस किलोमीटर झाले की बास, तीस चालून बघायचा हट्ट नको – एकट्यानं वीस चालणारा सोबतीत तीस चालतो, आणि सरावात पाय दुखावून बसलेला घरीच राहतो.

६. चालताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे – बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, गाणं म्हणता येत असेल तर कमी आहे. ही परीक्षा घड्याळापेक्षा खरी.

७. थर्ड शिफ्ट करून आल्यावर लांब चाल करायची नाही, आधी झोप – पेंगुळलेला माणूस पाय उचलत नाही, घासतो, आणि ठेच तिथंच लागते.

८. कंपनीच्या बसमधून एक थांबा आधी उतरा – रोजची पंधरा मिनिटं कुणाला जड होत नाहीत आणि तीन महिन्यांत पायांच्या हिशोबात खूप होतात. पण कंटेनर धावतात त्या रस्त्यावर हे करू नका, चाकण-तळेगाव रस्त्यावर तर अजिबात नाही. तिथं कडेला पाय ठेवायला जागा नसते आणि उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला अगदी जवळचा माणूस दिसत नाही.

९. फुटपाथ नसेल तिथं उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला – जी गाडी दिसते तिच्यापासून बाजूला होता येतं. पहाटे किंवा अंधारात कंपनीतलं चकाकत्या पट्ट्यांचं जॅकेट अंगात हवंच.

१०. सकाळचा चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करा – पोटऱ्या बळकट झाल्या की घाटात गोळे कमी येतात. त्यासाठी जिमची फी भरायची गरज नाही.

११. शेवटचे दहा दिवस चाल निम्म्यावर आणा – त्या दिवसांत मिळवण्यासारखं काही उरलेलं नसतं, गमावण्यासारखं मात्र सगळं असतं. लग्नाच्या वरातीत नाचायचं असेल तर त्याच्याही आधी नाचून घ्या.

सराव कुठं करायचा हे विचारशील, तर आपल्या भागात जागांना तोटा नाही. निगडीची दुर्गा टेकडी पहाटे माणसांनी भरलेली असते, पायवाट मातीची आहे आणि झाडी आहे. पहिला महिना तिथंच काढा. मग घोराडेश्वर. त्याच्या पायऱ्या चढताना धाप लागते म्हणून लोक घाबरतात, माझं लक्ष मात्र उतरण्याकडे असतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन झेलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरणं कठीण होतं. हे दुखणं सरावानं बरंच कमी होतं, दुसरा उपाय नाही. चढण दम मागते, उतरण गुडघा मागते. देहूजवळचा भंडारा डोंगरही चांगला. तुकोबांचा डोंगर आहे, वर बसलात तर दहा मिनिटं गप्प बसा.

१२. दुसऱ्या महिन्यात एकदा भोसरीहून आळंदीपर्यंत चालत जा आणि परत पीएमपीनं या – दहा-बारा किलोमीटर डांबरावर चालणं आणि टेकडीच्या मातीवर चालणं यांत तळपायाला फार फरक पडतो. खरी वाट डांबराचीच आहे.

१३. तिसऱ्या महिन्यात एकदा लांब चाल, एक दिवस विश्रांती, पुन्हा लांब चाल असं करून बघा – पालखी पुण्यात एक दिवस थांबते, तुम्हालाही तसंच चालायचं आहे. दुखऱ्या पायानं पुन्हा उभं राहणं कसं असतं हे घरी कळलेलं बरं.

१४. सराव चैत्र-वैशाखातल्या उन्हाचा आणि चाल ज्येष्ठातल्या पावसाची, हे धरून चाला. पहाटे साडेपाचला बाहेर पडा, लांब चाल असेल तर त्याच्याही आधी, आणि नऊच्या आत घरी या – उन्हाची सवय हळूहळू होते, एका दुपारी होत नाही.

आता पायांबद्दल. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चालणाऱ्याचा घात सर्वांत जास्त पायातल्या फोडानं होतो. फोड यायला तीन गोष्टी लागतात: ओल, उष्णता आणि घासणं. एक जरी काढून टाकलीत तरी फोड सहसा येत नाही.

१५. बूट संध्याकाळी विकत घ्या, सकाळी नाही – दिवसभरात पाय फुगतो आणि लांब चालीत तसाच फुगणार असतो. पुढे अंगठ्याएवढी जागा राहील असं माप घ्या, म्हणजे घाट उतरताना नखं काळी पडत नाहीत.

१६. ते बूट निदान दीड महिना आधी घ्या आणि सरावाला तेच घाला – नवा बूट मांडवात, जुना बूट वाटेत.

१७. कंपनीचे सेफ्टी शूज घालून सराव करायचा नाही – बोटांवरची पोलादी टोपी मशीनपासून वाचवते, पण तळवा मुडपू देत नाही आणि वजनानं लवकर दमवते. शिफ्ट संपली की ते तिथंच लॉकरमध्ये राहू देत.

१८. सुती मोजे घरी वापरा, वाटेवर सिंथेटिक किंवा लोकरीचं मिश्रण असलेले घाला – सूत घाम पितं आणि धरून ठेवतं.

१९. दोन जादा मोजे प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून पाठीवर ठेवा आणि दर विसाव्याला पाय उघडे करून पुसा. पावसात तर दर दोन तासांनी – मोजा ओला, मुक्काम गेला.

२०. कुठं चुरचुरलं की तिथंच थांबा, त्याच मिनिटाला, आणि चिकटपट्टी लावा – पुढच्या चौकात बघू म्हणणाऱ्याला पुढच्या चौकात फोड आलेला असतो. कंपनीत अपघात होता होता वाचला तरी नोंदवायला लावतात ना, ही चुरचुर म्हणजे पायाची तशीच नोंद समज.

२१. फोड आलाच आणि दुखत नसेल तर फोडू नका, वरून झाका – वरची कातडी हीच सर्वांत चांगली पट्टी असते. फारच टरारला असेल तर निर्जंतुक सुईनं कडेला बारीक भोक पाडून पाणी काढा, कातडी तशीच ठेवा, औषध लावून झाका.

२२. फोडातून सुईदोरा ओवून दोरा आत ठेवायचा, हा सल्ला वाटेत कुणीतरी मायेनं देईल. नमस्कार करा आणि ऐकू नका – त्या दोऱ्यावरून रस्त्याची घाण आत जाते.

२३. तुमच्यातला जो साखरेची गोळी घेतो, त्यानं फोडाला स्वतः हात लावायचा नाही, वैद्यकीय पथकाकडेच जायचं. आणि रोज रात्री तळपाय आरशात बघायचे – मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, खडा रुतलेला कळत नाही. चालताना खिशात साखर किंवा ग्लुकोज, आणि त्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारलेलं हवं.

२४. नखं चार दिवस आधी, सरळ रेषेत कापा – आदल्या रात्री कापली तर कोपरे टोचतात.

२५. मांड्या आणि काखा जिथं घासतात तिथं निघतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा – लाजून गप्प बसलेल्या माणसाला दुपारी पाय फाकवून चालावं लागतं. जीन्स घरी ठेवा. भिजली की जड होते आणि सोलून काढते.

२६. दुखेल म्हणून आधीच दुखण्याची गोळी घेऊन निघायचं नाही – अंगातलं पाणी कमी असताना त्या गोळ्यांचा भार किडनीवर पडतो, आणि पाय ओरडतोय ते ऐकूही येत नाही.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला आवडीनं जमतं.

२७. पाणी घोट घोट, पण सारखं नुसतं पाणीच नको – घामातून मीठही जातं आणि लिटरच्या लिटर साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकं गरगरतं, ओकारी येते. अधूनमधून ओआरएस घ्या. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

२८. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलंय – या कामाला कुठलंही ॲप लागत नाही.

२९. चालायच्या दिवशी नवीन काही खायचं नाही. सरावात जे पचलं तेच – गूळ-शेंगदाणे, केळं, दशमी आणि चटणी यांवर हजारो माणसं पंढरपूरपर्यंत जातात.

३०. वाटेत लोक हाताला धरून चहा, लाडू, खिचडी, भजी देतील. प्रेमानं घ्या, पण थोडं आणि एकदाच – दहा ठिकाणचं एकत्र झालं की पोट रागावतं, आणि मागून येणारी म्हातारी माणसं मराठवाड्यातून आलेली असतात, त्यांना उरलं पाहिजे.

३१. पुणे ते सासवड हा टप्पा ठरलेल्या तिथीप्रमाणे एकादशीला येतो. उपास धरायचा तर पोटभर धरा, राजगिरा, खजूर, शेंगदाणे, केळी, ताक. निर्जळा धरून घाट चढायचा नाही – पांडुरंगाला तुम्ही वर पोहोचलेले हवे आहात.

३२. आहार कमी करून वजन उतरवायचं खूळ या तीन महिन्यांत डोक्यात घेऊ नका – सराव वाढतोय आणि ताट कमी होतंय असं झालं की माणूस आजारी पडतो. कॅन्टीनमधली दुसरी जिलबी सोडलीत तरी चालेल.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. हाँगकाँगमध्ये १९८१ साली ब्रिटिश सैन्यातल्या गुरखा जवानांनी डोंगरवाटेनं १०० किलोमीटर चालून मदतनिधी उभा करायला सुरुवात केली. १९८६ साली ती चाल सर्वांना खुली झाली, आणि ऑक्सफॅम ट्रेलवॉकर म्हणून पुढे कितीतरी देशांत गेली, आपल्या देशातही आली. त्यांची रीत मला फार आवडते. संघ चौघांचा, वेळ ४८ तास, आणि चौघांनी बरोबर निघायचं आणि बरोबर पोहोचायचं. एकट्यानं पुढे धावून मान मिळवायची सोयच ठेवलेली नाही. आपल्या वारीतही हेच आहे बघ. हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेल्या शिस्तीत दिंडीला क्रमांक आहे, रथापुढची जागा आहे, रथामागची जागा आहे. आणि त्या दिंडीत सत्तरीची आजी जेवढं चालते तेवढंच विशीतलं पोर चालतं. म्हणून तर ती आजी पंढरपूरला पोहोचते. तुम्ही चौघं एका वयाचे असलात तरी एका ताकदीचे नाहीत.

३३. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा – तो मागे राहिला की प्रत्येक विसाव्याला बाकीचे ताजेतवाने होऊन उठतात आणि तो पोहोचताच चालायला लागतात, म्हणजे विश्रांती सर्वांत कमी त्यालाच मिळते.

३४. दर तासाला दहा मिनिटं विसावा, दमलात तरी आणि नाही दमलात तरी – दमल्यावर घेतलेली विश्रांती उशिरा आलेली असते. बूट सैल करा आणि पाय उंचावर ठेवा.

३५. पहिल्या दोन तासांत मुद्दाम हळू चाला. पहाटेचा गारवा, टाळांचा आवाज, सगळं अंगात येतं आणि पाऊल आपोआप झपाझप पडतं – पहिला कोस जपला, त्याचा शेवटचा कोस सरला.

३६. दर विसाव्याला प्रत्येकानं आपलं दुखणं मोठ्यानं सांगायचं, ‘काही नाही’ हे उत्तर धरायचं नाही – दोस्तांसमोर मोठेपणा राखायला गेलेला माणूसच दुपारी खाली बसतो.

३७. कुणी एकानं थांबायचं म्हटलं तर त्याच्याबरोबर दुसरा थांबतो, हे आजच ठरवा – वेळ आली की ठरवायला गेलात तर थांबणाऱ्याला ओझं झाल्यासारखं वाटतं आणि तो लपवतो.

३८. औषधं, पाणी, पैसे चौघांच्या पिशव्यांत वाटून ठेवा – गर्दीत एक हरवला की सगळं हरवायला नको.

३९. थट्टा पोटाची, चालीची, घामाची करायची नाही, निदान हे तीन महिने – एखादा त्या थट्टेनं सराव सोडतो आणि कारण शिफ्टचं सांगतो.

पैशाचं काम चालण्याइतकंच जपून करायचं आहे. लोक तुमच्या पायांकडे बघून देणार नाहीत, तोंडाकडे बघून देणार आहेत.

४०. ज्यांच्यासाठी चालता त्यांच्याकडे चौघंही एकदा जाऊन या. आपल्या चिंचवडलाच गिरीश प्रभुणे यांनी उभं केलेलं गुरुकुलम् आहे, पारधी आणि भटक्या-विमुक्त समाजांतली मुलं तिथं शिकतात. अशी एखादी घराजवळची जागा निवडा – डोळ्यांनी पाहिलेलं काम लोकांना सांगताना आवाज वेगळा लागतो.

४१. पैसे स्वतःच्या खात्यावर घ्यायचे नाहीत, देणाऱ्यानं थेट संस्थेच्या खात्यात भरायचे – मित्राच्या खात्यावर आलेला पैसा कितीही सचोटीचा असला तरी प्रश्न विचारले जातात. आधी पावती, मग फोटो.

४२. डबा घेऊन दारोदार फिरायचं मनात असेल तर धर्मादाय कार्यालयात चौकशी करून या. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ४१ क त्यासाठीच आहे. गणपतीच्या वर्गणीला जो कागद लागतो तो हाच.

४३. देणाऱ्याला आधीच सांगा की दोन हजारांच्या वर रोख दिलं तर करसवलत मिळत नाही – मार्चमध्ये कळलं की तो रुसतो, आणि पुढच्या वर्षी देत नाही.

४४. ‘पूर्ण चाललास तर किलोमीटरमागे इतके’ अशी अट घालून कुणाचे पैसे घेऊ नका. निघण्याआधीच, काहीही झालं तरी मुलांचेच, असे घ्या – नाहीतर घोटा मुरगळलेला पोरगा मुलांचे पैसे जातील म्हणून चालत राहतो. ही अट मी सगळ्यांत वाईट समजते.

४५. कंपनीत मागायचं तर आधी एचआरला विचारा, आणि ट्रेनी व कंत्राटी पोरांसमोर वही धरू नका – साहेब बाजूला उभा असताना त्यांना नाही म्हणता येत नाही.

४६. वारीत फलक, टोप्या, पावतीपुस्तकं काही काढायचं नाही – पैसे मागायची जागा आळंदीच्या अलीकडे संपते. वाटेत तुम्ही नुसते चालणारे.

प्रत्यक्ष दिवसाचं आता.

४७. आदल्या रात्री दहाला झोपा आणि पिशवी त्याच्या आधी भरून दाराशी ठेवा – पहाटे शोधाशोध केली की नेमकी चिकटपट्टी राहते.

४८. हरवलात तर भेटायची जागा दर टप्प्याला आधीच ठरवा: दिघी, विश्रांतवाडी, दुसऱ्या दिवशी हडपसर, वडकी नाला – लाखभर माणसांत फोन लागत नाही. दिंडीबरोबर असाल तर तिचा क्रमांक आणि ती रथापुढे की रथामागे हे पाठ करा, कुठलाही वारकरी तुम्हाला पोहोचतं करील.

४९. दिंडीच्या रांगा तोडून मधून जायचं नाही, सेल्फीसाठी तर मुळीच नाही – पावली तालावर पडत असते, एक अडखळला की चार पडतात. कडेनं चाला, माऊली म्हणून वाट मागा.

५०. दिवे घाटात पालखीच्या वेळी रस्ता गाड्यांना बंद असतो, तुमची मदतीची गाडी आत येणार नाही. म्हणून पुढे जायचं की नाही हा निर्णय वडकीला, घाटाच्या पायथ्याशी घ्या, तिथंच दोन्ही बाटल्या भरा. घाटात सावली फारशी नाही. मस्तानी तलाव खाली दिसायला लागला की थांबून बघा, श्वास आपोआप जागेवर येतो.

५१. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा भरून येणं, अंधारी येणं, असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं की चालणं तिथंच संपलं. सावलीत आडवं करा, अंग तापलं असेल तर ओल्या कापडानं पुसत राहा, १०८ ला फोन आणि जवळच्या वैद्यकीय पथकाला हाक – जरा बसलं की बरं वाटेल, या वाक्यात फार वेळ जातो.

५२. पुण्यातल्या विश्रांतीच्या दिवशी दिवसभर पडून राहू नका, सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं चपला घालून फिरा – आखडलेले पाय दुसऱ्या पहाटे उठत नाहीत. पेठांत फिरून खरेदी करायचा तो दिवस नव्हे.

५३. सासवडला पोहोचल्यावर पाय धुवा, कोरडे करा, बोटांच्या बेचक्या नीट बघा – पावसाच्या चिखलातून आल्यावर बारीक चिरेतून ताप येऊ शकतो. पुढच्या महिन्याभरात थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना चिखलातून चाललो हे सांगायचं.

५४. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट लावून घेऊ नका, सुपरवायझरला महिनाभर आधी सांगून रजा टाका – जड पाय आणि चालू मशीन एकत्र नकोत.

५५. आठ दिवसांत सगळ्या देणाऱ्यांना हिशोबाचा एक कागद पाठवा: किती जमले, संस्थेला कधी पोहोचले, पावती क्रमांक काय. चौघांच्या सह्या त्यावर हव्यात, जो मधे थांबला असेल त्याचीही.

५६. आणि सासवडहून परत येताना चौघांपैकी कुणीही गाडी चालवायची नाही. तुझ्या काकांना मी सांगून ठेवलंय, घाट उघडला की ते घ्यायला येतील. मागच्या सीटवर उशा ठेवायला लावते.